विमानाने रायफल नेण्यासाठी हार्ड केस कोणती घ्यावी?

मुलुंड_पूर्व

नमस्कार. माझी मुलगी सोळा वर्षांची असून ती १० मीटर एअर रायफल प्रकारात खेळते. आजवर बाहेरगावच्या स्पर्धांना आम्ही रेल्वेनेच गेलो. रायफल मऊ बॅगेत घालून खालच्या बर्थखाली सरकवायची आणि रात्रभर निम्मे लक्ष तिच्याकडे ठेवायचे, ही आमची पद्धत. या डिसेंबरात मात्र दिल्लीला तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर जायचे आहे, आणि कॉलेजची परीक्षा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी निघावे लागणार असल्यामुळे विमानाशिवाय पर्याय उरलेला नाही.

रायफलबरोबर कारखान्याची पेटी आलेली आहे. ती पातळ प्लॅस्टिकची असून तिला चार कड्या आहेत, पण कुलपासाठी भोक एकच, तेही मुठीजवळ. तिच्यासोबत सराव करणाऱ्या एका मुलाच्या पालकांनी पेलिकन कंपनीची असते तशी जाड, पाणी न शिरणारी केस घ्या असे सुचवले. दुकानदार अॅल्युमिनियमची चकचकीत पेटी पुढे करतो. तिन्हींच्या किमतीत एवढे अंतर आहे की पैसे घालण्यापूर्वी जाणत्यांना विचारलेले बरे. कारखान्याची पेटी चालेल का? आणि रायफलच्या हवेच्या सिलिंडरचे काय करायचे?

निवांत_नेमबाज

ताई, ब्रँडचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी घरातल्याच पेटीची परीक्षा घ्या. पेटी रिकामी करून मिटा, सगळ्या कड्या लावा, त्या एकुलत्या भोकात कुलूप घाला, आणि मग कुलपापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात दोन्ही हातांची बोटे अडकवून झाकण वर ओढा. बोटे आत शिरून फोमला लागली, तर ती पेटी बंद आहे असे म्हणता येणार नाही, मग कुलूप कितीही भारी असो. रायफलची पेटी लांबट असते, पातळ प्लॅस्टिक त्या लांबीवर वाकते, आणि कड्या या झाकण मिटलेले ठेवण्यासाठी असतात, ते उचकटू पाहणाऱ्याला अडवण्यासाठी नव्हे. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेचा, म्हणजे टीएसएचा, नियम नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवतो: पेटी कठीण हवी, कुलूपबंद हवी, आणि सहज ओढून उघडता येईल अशी असेल तर ती चालत नाही. मुंबई-दिल्ली प्रवासाला तो नियम लागू नाही, पण निवड करताना कसोटी म्हणून तो वापरायला काहीच हरकत नाही.

अॅल्युमिनियमच्या पेटीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्या म्हणजे हलक्या फळीवर चढवलेला पातळ पत्रा असतो आणि कोपरे रिव्हेटने जोडलेले असतात. पेटी कोपऱ्यावर आपटली की रिव्हेट सुटतात, पत्र्याला पोचा येतो, आणि एकदा चौकट तिरकी झाली की कडी बसत नाही. शिवाय मागची बिजागरी पाहा. तिची सळई बाहेरून दिसत असेल, तर ती खिळ्याने ठोकून काढता येते आणि पेटी कुलपाला हात न लावता मागून उघडते. जाड प्लॅस्टिकची केस आपटल्यावर दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते, हा तिचा खरा गुण आहे.

मात्र तिचा दोषही ऐकून ठेवा. रायफल मावेल एवढी पेलिकनची १७५० नावाची केस फोमसकट रिकामीच अकरा-बारा किलोंची भरते. एअर रायफलला स्पर्धेच्या नियमांनुसार साडेपाच किलोंपर्यंत वजन चालते. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान फुकट असते. म्हणजे जॅकेट, पँट, बूट यांचा हिशोब सुरू होण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असते. तिकीट काढतानाच जादा वजन विकत घ्या, ते काउंटरवर घेण्यापेक्षा स्वस्त पडते. आणि दुकानात केस उघडून फक्त फोम बघू नका. कुलपाच्या भोकांना पोलादी कडे बसवलेले आहे का, भोके किमान दोन आणि टोकांच्या जवळ आहेत का, हे आधी बघा. घरचे कुलूप सोबत घेऊन जा, कारण चांगल्या कुलपाचा आकडा जाड असतो आणि पुष्कळदा भोकातून जातच नाही. सगळी कुलपे एकाच किल्लीची मिळाली तर उत्तम. मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात शोधल्यास मिळावीत.

धावपट्टी_निवृत्त

मी मुंबई विमानतळावर एका विमान कंपनीच्या चेक-इन विभागात नोकरी करत होतो, त्यामुळे काउंटरच्या पलीकडची बाजू सांगतो.

सर्वप्रथम, विमान कंपनीला आधी लेखी कळवा आणि तिचे लेखी उत्तर छापून सोबत ठेवा. शस्त्राबाबत प्रत्येक कंपनीचे शुल्क, वेळ आणि अटी वेगळ्या असतात आणि त्या बदलतही असतात. काउंटरवर पोहोचल्यावर पहिले वाक्य हेच असावे की आमच्याकडे स्पर्धेची एअर रायफल आहे आणि आम्ही ती जाहीर करत आहोत. क्ष-किरण तपासणीत पेटीतली नळी दिसल्यावर मग खुलासे करत बसण्याची वेळ येऊ नये. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. परंतु समोरच्या कर्मचाऱ्याला लांबून ती बंदूकच दिसते. त्यामुळे खरेदीचे बिल, उत्पादकाचे माहितीपत्रक, राष्ट्रीय रायफल संघटनेचे ओळखपत्र आणि स्पर्धेचे प्रवेशपत्र असे सगळे एका पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा, आणि ते फोल्डर पेटीत न घालता हातात ठेवा.

आता पेटीकडे येतो. तपासणारा माणूस पेटी उघडायला सांगणार, हे गृहीतच धरा. म्हणून फोम असा कापून घ्या की झाकण उघडताच रायफल पूर्ण लांबीत एकाच थरात दिसेल, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात घातलेल्या केशरी सेफ्टी फ्लॅगचे टोक तोंडाशी बाहेर आलेले असेल आणि सिलिंडर शेजारच्या वेगळ्या खाचेत असेल. असे असले की एका नजरेत काम होते. याउलट रायफलवर हातमोजे, त्यावर टॉवेल, त्याखाली छर्‍यांचे डबे अशी भरलेली पेटी मी पाहिलेली आहे. ती पूर्ण रिकामी होते आणि मागे रांग ताटकळते. तपासणी झाल्यावर कुलूप तुमच्यासमोर लागले पाहिजे आणि किल्ली तुमच्याकडेच राहिली पाहिजे. मात्र टॅग लागला की लगेच सुरक्षा तपासणीकडे धावू नका. पेटी आत स्वीकारली गेली आहे का, हे विचारून मगच निघा, म्हणजे पुन्हा बोलावणे आले तरी तुम्ही जवळच असाल.

सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा असते, तेव्हा तो भरलेला नेता येणार नाही. रायफलपासून सोडवून, उत्पादकाने दिलेल्या स्क्रूने हवा सावकाश बाहेर सोडा आणि काटा शून्यावर आणून ठेवा. सिलिंडरवरचा काटा वाचता येईल अशा बाजूने तो खाचेत बसवा. तेथे पुन्हा हवा भरण्यासाठी आपला अॅडॅप्टर विसरू नका. आणखी एक, युरोपीय बनावटीच्या सिलिंडरवर मुदत छापलेली असते, बहुधा उत्पादनापासून दहा वर्षांची. ती संपलेली असल्यास अडचण विमानतळावर येवो न येवो, रेंजवर येऊ शकते, कारण मुदतीची जबाबदारी नियमाने खेळाडूवर आहे.

मुलुंड_पूर्व

दोघांचेही मनापासून आभार. कोपऱ्याची परीक्षा लगेच घेतली, आणि मुलीचे चारही बोटांचे पेर आत गेले, तेव्हा कारखान्याच्या पेटीचा विषय संपला. आता दोन शंका उरतात. पाणी न शिरणाऱ्या केससाठी जादा पैसे मोजणे खरोखर गरजेचे आहे का, की विमानाच्या पोटात पाऊस पडत नाही म्हणून ते सोडून द्यावे? दुसरे, पुढच्या वर्षी तिला ५० मीटर .२२ रायफलकडे, म्हणजे काडतुसाच्या रायफलकडे, वळायचे आहे. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी कांस्य पदक जिंकल्यापासून घरात दुसरा विषय नाही! तर केस आत्ताच लांब घ्यावी का?

पावसाळी_पार्लेकर

पावसाबद्दल मी लिहितो, कारण तो आमच्या दारचा आहे. विमानाच्या पोटात पाऊस पडत नाही हे खरे, पण पेटी तिथे पोहोचेपर्यंत उघड्या ट्रॉलीवर धावपट्टीच्या कडेला उभी असते, आणि जुलैतल्या मुंबईत तेवढा वेळ पुरेसा असतो. डिसेंबरात दिल्लीला जाताना हा प्रश्न नाही, पण केस काही एका प्रवासापुरती घेतली जात नाही. तेव्हा झाकणाच्या कडेने रबराची अखंड पट्टी असलेली आणि आयपी६७ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाणी आत न येऊ देणारी, केस परवडत असेल, तर अवश्य घ्या.

परंतु ही हवाबंद पेटी आपल्या हवेत दुधारी ठरते, आणि याविषयी विक्रेता काही सांगत नाही. पावसाळ्यात घरी पेटी मिटताना आतली दमट हवाही आतच कोंडली जाते. करड्या रंगाचा मऊ, स्पंजासारखा फोम ती ओल धरून ठेवतो आणि नळी दिवसेंदिवस त्या फोमला टेकून पडलेली असते. गंज चढतो तो नेमका फोम लागलेल्या रेषेवर. म्हणून फोम घेताना बोटाने दाबून पाहा. स्पंजासारखा चटकन दबणारा टाळून घट्ट, बंद छिद्रांचा पॉलिएथिलीन फोम मिळाला तर तो पाणी पीत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वरचेवर सुकवा. प्रवास नसताना रायफल केसमध्ये ठेवूच नका. तेलाचा हलका हात फिरवून ती कपाटात, हवेशीर पण कुलपात राहू द्या.

परतीच्या प्रवासाची एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. दिल्लीच्या थंडीत रात्रभर गार झालेली रायफल मुंबईत उतरल्यावर लगेच उघडली, तर आपली दमट हवा त्या थंड लोखंडावर दवासारखी जमते, अगदी ट्रिगरच्या आतल्या भागांतही, जिथे फडके पोहोचत नाही. घरी आल्यावर केस तशीच मिटलेली ठेवा, आतले सगळे खोलीच्या उबेला येऊ द्या आणि काही तासांनीच उघडा. मुलांना घाई असते, पण किल्ली तुमच्याकडे असू द्या.

हवाबंद केसला दाब समान करणारा व्हॉल्व्ह असतो. तो स्वयंचलित असलेली केस निवडा. विमानात, प्रवाशांच्या भागात आणि खालच्या सामानाच्या भागातही, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत उतरू शकतो. जुन्या पद्धतीचा हाताने फिरवायचा स्क्रू घट्ट राहिला, तर वर गेल्यावर आतली हवा रबरी पट्टीच्या कडेने बाहेर पडू शकते, आणि खाली उतरल्यावर झाकण असे चिकटून बसते की दोन माणसांनाही उघडत नाही. अशा वेळी झाकणाशी झुंजू नका, स्क्रू सैल करा.

निवांत_नेमबाज

पार्लेकरांचे ओल आणि फोमविषयीचे म्हणणे मला मान्य आहे. माझा मतभेद एवढाच की पैसे मर्यादित असतील, तर आधी ते झाकणाच्या ताठपणावर आणि कुलपाच्या जागेवर खर्च करावेत. रबरी पट्टी नसलेल्या ताठ केसला पावसाळ्यात प्लॅस्टिकचे आवरण घालता येते, वाकणाऱ्या झाकणाला नंतर काही करता येत नाही.

लांबीविषयी. एअर रायफल साधारण १.१ मीटरच्या आसपास असते, तर .२२ ची स्पर्धेची रायफल बहुधा १.२ मीटरच्या पुढे जाते आणि तिचे वजन आठ किलोंपर्यंत चालते. १७५० ची आतली लांबी १२८ सेंटिमीटर आहे. तिच्यात दोन्ही मावतात, फक्त एअर रायफलसाठी टोकाला फोमचा ठोकळा भरून ती मागेपुढे सरकणार नाही एवढे पाहायचे. कोणतीही रायफल केस घेतली, तरी लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरची नेहमीची मर्यादा ती ओलांडणारच. म्हणजे ओव्हरसाइज सामान म्हणून ती वेगळ्या पट्ट्यावरून जाणार आणि दिल्लीला तशीच वेगळी मिळणार. दहा सेंटिमीटर वाचवून त्यात फरक पडत नाही, तेव्हा लांब केस आत्ताच घेणे शहाणपणाचे आहे. वजन मात्र लक्षात असू द्या. एक नग ३२ किलोंच्या वर गेला तर तो साधारणतः स्वीकारतच नाहीत, आणि मोकळी जागा दिसली की तिच्यात बूट कोंबण्याचा मोह सर्वांनाच होतो.

.२२ च्या वेळी कागदपत्रांचा भाग पूर्ण बदलेल, हे आजच सांगून ठेवतो. त्या रायफलला परवाना लागतो, आणि परवाना कोणाच्या नावे आहे व कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, हे काउंटरवर वाचले जाते. केवळ महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन दिल्लीचे तिकीट काढू नका. काडतुसांसाठी आंतरराष्ट्रीय नियम माणशी वेष्टणासह ५ किलोंचा आहे, तोही विमान कंपनीच्या संमतीने, आणि दोघांचा वाटा एका पेटीत एकत्र करता येत नाही. कंपनी याहून कमी मर्यादा घालू शकते. काही देशांत काडतुसे रायफलच्याच पेटीत चालतात, पण आपण ती मूळ खोक्यांत, वेगळ्या कुलूपबंद पेटीत ठेवावीत, म्हणजे कुठेही हरकत येत नाही.

बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा तुकडा, काढून रायफल आखूड करायचा विचार असेल, तर काढण्यापूर्वी प्रत्येक खुणेचा आकडा मुलीच्या हस्ताक्षरात वहीत लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटोही काढा. नेम धरण्याची मागची साइट सोडवून तिच्या लहान डबीत ठेवा. नळी आणि दस्ता मात्र वेगळे करू नका. ते स्क्रू ठरावीक ताणाने आवळलेले असतात आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत तो ताण पुन्हा साधणे कोणालाही जमत नाही. अॅलन कीचा संच पेटीतच जाऊ द्या, केबिनच्या बॅगेत सापडला तर काढून घेतील.