मदत हवी आहे: भिंतीच्या नव्या दर्जांवर (विटांमधल्या सांध्यांवर) आणि झाडांवर गोणपाट, ओलं टाकू की कोरडं?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात लीड्सला राहते. आज गुरुवार, आणि शनिवारी रात्री उणे ४ सांगितलंय. त्यामुळे उत्तर जरा लवकर मिळालं तर फार बरं होईल.

घर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, विटांचं. मागच्या परसात साधारण नऊ मीटर लांब आणि छातीएवढी उंच भिंत आहे, तीही तेवढीच जुनी. मधल्या काळात कुणीतरी तिच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं आणि तेव्हापासून विटांचे चेहरे पापुद्र्यासारखे उडत होते. यंदा ते सगळं सिमेंट खरवडून काढलं आणि चुन्यात दर्जा भरून घेतल्या. एनएचएल ३.५ (पाण्याशी धरणारा नैसर्गिक चुना) आणि जाड वाळू. वरचे तीन थर सैल झाले होते, ते उतरवून पुन्हा रचले. गवंड्याने सप्टेंबरची तारीख दिली होती आणि तो उगवला ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. काम मात्र देखणं केलंय. भिंतीच्या माथ्यावर बसवायचे दगड अजून आलेले नाहीत, म्हणजे वरचा थर उघडाच आहे. "गारठा वाढला तर हेशियन टाका" असं म्हणून दोन गुंडाळ्या ठेवून गेला, आता फोन उचलत नाही.

गुंडाळी सोडली आणि ओळखीचा वास आला. आपलं गोणपाट! गावाकडे धान्याच्या खोलीत शिरलं की यायचा तोच वास.

आता खरी अडचण. माझ्या बाबांनी सातारा भागात चाळीस वर्षं बांधकामावर मुकादमी केली. व्हिडिओवर भिंत बघून ते म्हणाले, "गोणपाट गुंडाळ आणि दिवसातून तीनदा पाणी मार. कोरडं ठेवलंस तर माल भाजेल, नुसती वाळू राहील." या कामात बाबांचा शब्द मी कधी मोडलेला नाही. पण शेजारचे आजोबा म्हणतात, थंडीत गोणपाट कोरडंच हवं, ओलं टाकलंस तर भिंत जाईल. दोघंही मनापासून सांगतात. कुणाचं ऐकू?

आज सकाळी नखाने दाबून पाहिलं. खालच्या दर्जा घट्ट झाल्यात, पण वरच्या तीन थरांतला चुना अजून ताज्या खव्यासारखा आहे, नखाची खूण उमटते.

शिवाय झाडं आहेत. भिंतीला टेकून अंजीर, कुंडीत कढीपत्ता, मोगरा आणि जास्वंद. उरलेलं गोणपाट त्यांना गुंडाळलं तर चालेल का? कढीपत्ता चार वर्षं जपलाय, तो गेला तर फार वाईट वाटेल.

---

चुनखडी:

ताई, आधी एक सांगतो. तुमचे बाबा बरोबर आहेत आणि शेजारचे आजोबाही बरोबर आहेत. मी इथे वीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, त्याआधी पुण्यात सिमेंटच्या साइटवर होतो, त्यामुळे दोन्हीकडचं गोणपाट वापरलंय.

आपल्याकडे माल मरतो तो उन्हाने. पाणी उडून गेलं की सिमेंट असो वा चुना, त्याची पकड अर्धवट राहते. म्हणून कॉलमला ओलं बारदान गुंडाळून किमान सात दिवस पाणी मारायचं. लीड्समध्ये नोव्हेंबरात हवाच इतकी दमट असते की वाळण्याची भीती जवळजवळ नाही. इथे माल मरतो तो गोठून. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं. ओल्या, कच्च्या दर्जेत हे झालं की चुना आतून सुटतो आणि बर्फ वितळल्यावर बोटाने भुगा निघतो. मेमध्ये हेच काम केलं असतंत तर मीसुद्धा गोणपाट भिजवायलाच सांगितलं असतं.

चुन्याला जास्त जपावं लागतं कारण तो हळू धरतो. सिमेंटचं काम इथे ३ अंशांच्या खाली थांबवतात, चुन्याचं ५ च्या खाली. एनएचएल पाण्याशी थोडा धरतो आणि पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत महिनोन्‌महिने घट्ट होत जातो. म्हणून जाणते गवंडी बाहेरचं चुन्याचं काम सप्टेंबरअखेर आवरतात. तुमचं महिनाभर उशिरा झालंय, तेव्हा महिना-दीड महिना तरी पहारा ठेवावा लागेल.

आता शनिवारच्या आत काय करायचं ते. गोणपाट भिंतीला चिकटवू नका. माथ्यावर फळी आडवी ठेवा, ती भिंतीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे यायला हवी. तिच्यावरून गोणपाट दुहेरी करून दोन्हीकडे जमिनीपर्यंत सोडा आणि खाली विटा ठेवून दाबा. ऊब गोणपाटात नसते, ती मधल्या कोरड्या हवेत असते. गोणपाट भिजलं की ती हवा गेली, उलट ओलं कापड गोठून भिंतीला चिकटतं. म्हणून त्याच्यावर प्लॅस्टिकची ताडपत्री हवीच, पण तीही भिंतीला लागू द्यायची नाही, नाहीतर आतून घाम धरतो. दिवसा पारा ५ च्या वर गेला की दोन्ही टोकं उघडा. चुन्याला हवा लागते.

सगळ्यात मोठा धोका तुमचा उघडा माथा आहे. पाऊस वरून शिरतो, विटांच्या पोटात साठतो आणि रात्री गोठतो. बाजू थोड्या उघड्या राहिल्या तर एक वेळ निभावेल, पण माथा एक रात्रही उघडा ठेवू नका.

सिमेंट काढलंत हे छान केलंत. जुनी वीट मऊ आणि सिमेंट कडक. भिंतीतली ओल दर्जेतून बाहेर पडू शकत नाही, मग ती विटेतून निघते आणि थंडीत विटेचाच चेहरा घेऊन पडते.

---

खटपट्या:

माझ्याकडे गॅसचा हीटर आहे. असा ताडपत्रीखाली रात्रभर लावला तर? आणि मालात मीठ टाकलं की गोठत नाही असंही ऐकलंय.

---

चुनखडी:

दोन्ही नकोत. हीटरसमोरचा भाग भाजून निघेल, बाकीचा गारच राहील, आणि ताडपत्री-गोणपाटाखाली ज्योत ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. मीठ तर भिंतीला कायमचं दुखणं लावतं. क्षार ओल ओढून घेतात, पुन्हा पुन्हा वर येऊन सुकतात आणि विटा पोखरतात. सिमेंटात पूर्वी कॅल्शियम क्लोराइड घालत, त्याने आतलं लोखंड गंजतं. चुन्यात असलं काही घालायचं नाही.

---

परसबाग:

भिंतीचं झालं, मी झाडांकडे येते. मी बर्मिंगहॅमला आहे.

कढीपत्ता आजच घरात घ्या. त्याला गोणपाट पुरणार नाही. १० अंशांच्या खालीच तो कुढायला लागतो. उजेडाच्या खिडकीत ठेवा, पण रेडिएटरपासून लांब, आणि पाणी अगदी बेताने. पानं गळतील, घाबरू नका, फांदीवर नखाने जरा खरवडून बघा, आत हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे. मोगरा आणि आपली लाल जास्वंद यांनाही आतच घ्या.

अंजीर बाहेर राहू शकतं. आधी फांद्यांच्या टोकांशी बघा. वाटाण्याएवढी इवली अंजिरं दिसतील, ती पुढच्या उन्हाळ्याची. त्याहून मोठी आणि कच्ची असतील ती सगळी काढून टाका, ती इथल्या थंडीत पिकत नाहीत, झाडाचा जीव मात्र खातात. मग टोकांभोवती कोरडा पेंढा भरा आणि वरून गोणपाट सुतळीने सैल बांधा. मी कडा दाभणाने शिवून पिशव्याच करून ठेवल्यात, दरवर्षी तयार असतात. गोणपाटाच्या आतून प्लॅस्टिक लावू नका, आत बुरशी धरते. आठवड्यातून एकदा, ऊन असेल त्या दिवशी, सोडून हवा दाखवा.

कुंडीत काही बाहेर ठेवणार असाल तर झाडाआधी कुंडीला गुंडाळा. जमिनीत मुळांना चारी बाजूंनी माती असते, कुंडीत थंडी सगळीकडून शिरते. मातीच्या कुंड्या ओल्या राहिल्या तर तडकतातही. खाली विटांचे तुकडे ठेवून उचलून घ्या म्हणजे पाणी निथळेल.

---

द्राक्षबाग:

ताई, मी निफाडचा. आमच्याकडे बर्फ पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पारा इतका उतरतो की मणी तडकायची भीती असते. तेव्हा आम्ही पहाटे बागेत शेकोट्या करतो, ठिबक सोडतो. अनुभवाचं एवढंच सांगतो, की आभाळ बघा. ढग असले तर जमिनीची ऊब टिकते. चांदण्या लखलखीत आणि वारा पडलेला असेल ती रात्र वाईट, आणि सगळ्यात गार वेळ सूर्य उगवायच्या सुमाराची. म्हणून आच्छादन झाडाच्या बुंध्याशी आवळून बांधू नका, घेर मोठा ठेवून जमिनीपर्यंत सोडा. जमिनीतून वर येणारी ऊब आत अडली पाहिजे. आणि ते अंधार पडायच्या आत घाला, ऊब निघून गेल्यावर घालून उपयोग नाही.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. चुनखडी दादांचा प्रतिसाद बाबांना जसाच्या तसा वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "तिथं दुपारी किती असतं?" मी म्हटलं, सहा. "मग कोरडंच ठेव. आणि फळीखाली विटा सरकव, फळी मालावर टेकवू नकोस." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मऊ थरावर फळीचा भार आला असता.

शनिवारी दुपारी तीनपर्यंत सगळं झालं. गोणपाट दुहेरी, वर ताडपत्री, खाली विटा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर आत सुतळीने टांगला. रविवारी सकाळी सात वाजता बाहेर उणे ४.५ होतं, गाडीची काच पांढरी झाली होती, आणि आत १ होतं. गोणपाटाच्या बाहेरच्या धाग्यांवर साखर पेरावी तसं हिंव बसलं होतं, आतला पदर हाताला कोरडा लागला.

एक चूक झाली. फाटकाजवळच्या कोपऱ्यात ताडपत्री वाऱ्याने सरकली आणि तिथलं गोणपाट भिजून भिंतीला चिकटलं. तेवढ्या हातभर जागेतला चुना पांढरट दिसतोय आणि बोट फिरवलं की रवा निघतो. आत्ताच उकरून पुन्हा भरू का? आणि गोणपाट कधी काढू?

कढीपत्ता आत आलाय. अंजिरावरची अठरा मोठी अंजिरं काढली.

---

चुनखडी:

आत्ता हात लावू नका. नवा मालही गोठेल. खडूने खूण करून ठेवा, एप्रिलच्या शेवटी किल्लीच्या टोकाने खरवडून बघा. सहज निघालं तर दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट तरी, म्हणजे २० ते २५ मिलिमीटर खोल उकरा, साफ करा, विटा भिजवा आणि भरा. तेव्हा मात्र बाबांची पद्धत, ओलं गोणपाट आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी.

आच्छादन डिसेंबरच्या मध्यापर्यंत रोज, त्यानंतर फक्त गारठ्याच्या रात्री. माथ्याचे दगड आले तरी वसंतापर्यंत बसवू नका, तोवर फळी आणि ताडपत्री तशीच राहू द्या. गोणपाट काढल्यावर नीट वाळवून उंचावर टांगा, जमिनीवर ठेवलंत तर कुजेल.

---

धागाकर्ती:

खूण केली. दगड मंगळवारी येत आहेत, शेडमध्ये ठेवते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाबा इकडे येणार आहेत. तो कोपरा मी स्वतः भरीन म्हणते, थापी ते आणतील.