मदत हवी आहे: हेल्मेटखाली रोज ओढणी, कुरळे केस, आणि कपाळावरचे केस तुटतायत

रानजाई

केस कुरळे, दाट, खांद्याच्या चार बोटं खाली. स्कूटरवर जाऊन-येऊन रोज दीड तास, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटखाली सुती ओढणी असते, अडीच मीटरची. डोक्याभोवती दोन वेढे, एक तोंडावरून, आणि मागे घट्ट निरगाठ. कानांच्या वर आणि भांगाच्या सुरुवातीला केस मधूनच तुटून बोटभर उरलेत. ओढणी काढली की वरचे केस पिंजारलेले असतात नि मागचे चपटे. बुधवार-गुरुवारपर्यंत टाळूला खाज सुटते.

सगळीकडे 'सॅटिन वापरा' असं वाचून सॅटिनचा चौकोनी स्कार्फ घेतला. तो दहा मिनिटांत मागे सरकतो, शिवाय हेल्मेटच हलल्यासारखं वाटतं. ऑफिसातही दिवसभर काही बांधायला आवडेल, पण ते स्कूटरवरचं फडकं वाटायला नको. कापड कोणतं, किती, कसं बांधायचं ते कृपया नीट सांगा. मशीन घरी नाही, शिंप्याकडून करून घेता येईल.

टिपटाका

ओढणी सुती आहे हा दोष नाही. ती एकटीच तीन कामं करतेय, हा दोष आहे. केसांना लागणारा थर गुळगुळीत हवा, बाहेरचा थर पकड धरणारा हवा, आणि तोंडाचं कापड या दोन्हींपासून सुटं हवं.

टाळूचं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. कुरळ्या केसाच्या वळणांवरून ते उतरत नाही, त्यामुळे टोकं मुळातच कोरडी असतात. वर सुती कापड उरलंसुरलं तेल आणि ओल शोषून घेतं. केसावरचे बारीक खवले त्याच्या धाग्यांना घासून उभे राहतात. पिंजारलेपणा तो हाच. समोरचे केस मात्र घासण्यानं आणि ओढण्यानं, दोन्हींनी तुटतात: वेढ्याची कडा नेमकी केसांच्या रेषेवर बसते आणि सिग्नलला मान वळवली की दरवेळी तेच केस खेचते.

सॅटिन का सरकलं? सॅटिन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नाही. बाजारातलं बहुतेक सॅटिन पॉलिएस्टरचं असतं. ते केसावरून सरकतं म्हणून केसाला बरं, आणि त्याच कारणानं कपाळावर टिकत नाही. म्हणून पूर्ण स्कार्फ सॅटिनचा नको. सुती त्रिकोण घ्या आणि त्याला आतून, फक्त केसांच्या भागात, सॅटिनचं अस्तर लावा.

शिंप्याला हे माप द्या. बाहेरचं कापड सुती वॉइल (पातळ, मऊ सुती कापड), ४४ इंच पन्हा म्हणजे रुंदी, १ मीटर. आधी एकदा धुऊन वाळवा, म्हणजे खळ निघते आणि आटायचं ते आटतं. त्यातून ३६ बाय ३६ इंचाचा चौकोन काढून कर्णावर कापा, दोन त्रिकोण मिळतील. प्रत्येकाची लांब बाजू सुमारे ५१ इंच भरते. डोक्याचा घेर २२ इंच धरला तर दोन्ही बाजूंना साडेचौदा-साडेचौदा इंच गाठीसाठी उरतात. जास्त लांबी नको, हेल्मेटखाली तिचा बोळा होतो.

लांब बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, येते. उरेब कापड डोक्याच्या गोलाईला छान बसतं, पण नुसतं दुमडून शिवलं तर महिन्याभरात ताणून लोंबतं. त्या कडेला अर्ध्या इंचाची सरळ पट्टी लावायला सांगा. उरलेल्या दोन बाजूंना पिको चालेल.

अस्तराला १४ इंच रुंद आणि १२ इंच लांब सॅटिन, कोपरे गोल केलेले. कडा इंटरलॉक करायलाच हवी, सॅटिनचे धागे फार सुटतात. ते लांब बाजूच्या बरोबर मध्यावर, कडेपासून ३ इंच मागे, चकाकती बाजू केसाकडे ठेवून शिवायचं. पुढचे ३ इंच नुसते सुती राहतात, तीच कपाळाची पकड.

उंबरमाळ

वरच्या मापाला धरून बांधायची पद्धत सांगते.

केस पूर्ण कोरडे हवेत. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. मानेलगत सैलसर वेणी घाला, टोकाला कापडी रबर. वर बांधलेली पोनी किंवा अंबाडा हेल्मेटखाली अजिबात नको: हेल्मेट त्याच्यावर टेकून वर उचललं जातं आणि दाब एकाच जागी येतो. आकडे, चिमटे, क्लच काढून टाका. पडल्यावर तेच डोक्यात रुततात.

त्रिकोणाची लांब बाजू केसांच्या रेषेच्या अर्धा इंच पुढे, कपाळाच्या कातडीवर ठेवा. ताण कातडीनं घ्यायचा, केसांनी नाही. तुमच्या तुटलेल्या केसांसाठी सगळ्यात मोठा फरक या अर्ध्या इंचानं पडेल. दोन्ही टोकं कानांवरून सपाट मागे न्या. पीळ पडू देऊ नका, पिळाचा दोर झाला की तो कानामागे रुततो.

आता मुख्य जागा. डोक्यामागे हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या खालचा खळगा बोटानं चाचपा. गाठ तिथे, त्रिकोणाच्या टोकावरून. उंचवट्यावर बांधलेली गाठ वर सरकणारच, तुम्ही कितीही आवळा. लोक आवळत जातात आणि केस गमावतात. खळग्यात बांधलेली साधी सुरगाठ हाडामुळे अडून राहते. कपाळाशी कापडाखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गाठ हेल्मेटच्या खालच्या कडेच्याही खाली येते ना, ते आरशात बघा.

मग हेल्मेट पुढून मागे चढवा, पट्टा लावा, आणि हातानं हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवून बघा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर माप बरोबर. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, तर ते सैल आहे किंवा कपाळावर सॅटिन आलंय. दुसऱ्या टोकाला, जाड ओढणीवर कसंबसं बसवलेलं हेल्मेट अर्ध्या तासात डोकं दुखवतं. नवं घ्याल तेव्हा हाच त्रिकोण बांधून दुकानात जा, आणि आयएसआय खूण असलेलंच घ्या.

तोंडासाठी वेगळा रुमाल किंवा मास्क, किंवा नुसती काच खाली. अडीच मीटर ओढणीची टोकं मागच्या चाकात जायची भीती असते, त्यामुळे गळ्याला फास बसतो. टोकं जॅकेटच्या आत खोचूनसुद्धा सुटतात. ती ओढणी स्कूटरवरून कायमची उतरवा.

नीरा

खाजेबद्दल. घाम, टाळूचं तेल आणि झाकलेली ऊब यांत मॅलेसेझिया नावाची बुरशी फोफावते. ती सगळ्यांच्याच टाळूवर असते, वाढली की कोंडा आणि खाज. म्हणून तेल थापून वर स्कार्फ बांधून जायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तेल रात्री किंवा न्हाण्याआधी, आणि तेही टाळूला कमी, टोकांना जास्त. पोहोचल्यावर स्कार्फ काढून दहा मिनिटं तरी टाळूला वारा लागू द्या, मगच ऑफिसचं कापड बांधा.

केसाला लागणारं कापड रोज धुतलेलं हवं. एका मीटरमध्ये दोन त्रिकोण निघतात, तुम्ही दोन मीटरचे चार करून घ्या. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर पंधरा दिवसांतून धुवा, नाहीतर स्वच्छ स्कार्फही तासाभरात तसाच होतो. कोंड्यासाठी २ टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून धुणं हा नेहमीचा उपाय आहे, तरी डॉक्टरांना विचारून घ्या.

समोरचे केस तुटताहेत की मुळापासून जाताहेत, हे आधी नीट पाहा. बोटभर उरलेले खुंट म्हणजे तुटणं, ते वाढतील. पण मुळाशी पुळ्या, बांधल्यावर दुखणं, किंवा कडेची कातडी गुळगुळीत चकाकू लागणं, यातलं काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा. सततच्या ओढीनं जाणारे केस सुरुवातीला परत येतात. फार दिवस गेले की मूळच वठतं, आणि मग कुठलाही स्कार्फ उपयोगाचा नाही.

पैलतीर

ऑफिसच्या बांधणीसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या 'डूक'कडे बघा. तिथे बऱ्याच बायका कामावरही डोक्याला असं कापड बांधून जातात. नायजेरियातला 'गेले' बघायला भव्य, पण तो कडक कापडाचा आणि समारंभाचा, रोजसाठी नाही.

डोक्याला असं कापड बांधण्याचा आपल्याकडच्या कापडाशी जुना संबंध आहे. १७८६ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये, तेव्हा तिथे स्पॅनिश अंमल होता, गव्हर्नर मिरो यांनी हुकूम काढला की कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्वतंत्र स्त्रियांनी केस उघडे मिरवायचे नाहीत, कापडानं झाकायचे. हेतू त्यांना कमी लेखण्याचा होता. त्या बायकांनी रंगीत, चौकड्यांची कापडं अशा थाटात बांधली की हुकमाचा उद्देशच फसला. तिथे आणि कॅरिबियन बेटांवर डोक्याला बांधायला लोकप्रिय झालेलं चौकड्यांचं 'मद्रास' कापड आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून जात असे. तुम्ही जे बांधाल ते उसनं किंवा विचित्र आहे असं मनात आणू नका.

आता माप. २ मीटर वॉइल किंवा मऊ मलमल, ४४ पन्हा, उभं मधोमध कापून २२ इंची दोन पट्टे. एक पट्टा लांबीत तिहेरी दुमडा, सात इंचांची पट्टी होईल. तिचा मध्य मानेवर, वर सांगितलेल्या त्याच खळग्यात. दोन्ही टोकं कानांमागून वर आणून कपाळाच्या वर, एका भुवईच्या रेषेत अर्धी गाठ मारा. मधोमध नको, बाजूला जास्त शोभते. मग दोन्ही टोकांना एकाच दिशेनं पीळ द्या, गाठीभोवती गुंडाळा आणि शेवट पट्टीखाली खोचा. टाळूवरचे केस मोकळे राहतात, म्हणून चपटे झालेले कुरळे केस बोटांनी उचलून वर फुलवता येतात.

सैल सुटलं तर कारण बहुधा तीनच: मध्य खळग्यात नाही, कापडात अजून खळ आहे, किंवा पीळ दोन टोकांना उलटसुलट दिशेनं दिलाय. पिन शक्यतो नको. लागलीच तर कापडाला कापड अडकवा, केसांना कापड नाही.

रानजाई

खूप आभार. दोन प्रश्न उरले. गडद रंगाचा वॉइल कपाळाला रंग लावेल का? आणि पावसाळ्यात काय करायचं?

टिपटाका

रंग आधी तपासा. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर जोरात घासा. डाग उमटला तर थंड पाण्यात वेगळं भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तीन-चार धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते कापड डोक्याला नको. घामानं तोच रंग कपाळावर उतरेल. तरी गडद रंग सोडू नका: घट्ट विणीचं गडद कापड ऊन जास्त अडवतं, विरळ पांढऱ्या मलमलीतून बरंच ऊन आत येतं. केस रंगवलेले असतील तर हे नक्की लक्षात ठेवा. अस्तर खऱ्या रेशमाचं लावलंत तर ते रिठ्याच्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. पॉलिएस्टर सॅटिनला साधा साबण चालतो, फक्त इस्त्री मंद ठेवा.

उंबरमाळ

पावसाळ्यात डिकीत झिपच्या पिशवीत दोन कोरडे त्रिकोण ठेवा. भिजलेला पोहोचल्याबरोबर काढायचा, तो डोक्यावर वाळू द्यायचा नाही. केस भिजलेच तर जुन्या सुती बनियननं दाबून टिपा, टॉवेलनं चोळू नका. पूर्ण वाळेपर्यंत ऑफिसचा पट्टाही बांधू नका.

रानजाई

शिंप्याला शुक्रवारी देतेय. डोक्याचा घेर मोजला, २३ इंच. चौकोन वाढवायचा का?

टिपटाका

नको. ५१ मधून २३ गेले, २८ उरले. एका बाजूला चौदा इंच, तेवढ्यात सुरगाठ आरामात होते. त्रिकोणाच्या कडेची पट्टी मात्र कापडाच्या सरळ धाग्यातच काप, असं शिंप्याला बजावून सांगा. सवयीनं ते उरेब पट्टी लावतात.