काशीला घरच्यांना घेऊन गेलात? अनुभव सांगा

धायरीकर

फेब्रुवारीत काशीला जायचं ठरलंय. आम्ही सहा जण: आई एकाहत्तर, बाबा पंचाहत्तर, आम्ही दोघं, मुलगी नऊ आणि मुलगा चार वर्षांचा. चार रात्री. आईचं "एकदा काशीला जाऊन येऊ" गेली वीस वर्षं ऐकतोय. परवा एकदाची तिकिटं काढली. गंगेत घोडं न्हालं म्हणायला हरकत नाही, फक्त घोड्याचे गुडघे दुखतात.

व्हिडिओ भरपूर पाहिले. सगळ्यांना सगळं 'अद्भुत' वाटतं, पायऱ्या किती आहेत ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून पोरंबाळं आणि म्हातारी माणसं बरोबर घेऊन गेलेल्यांनीच लिहा. एकट्याने फिरलेल्यांचं लिखाण वाचायला छान असतं, पण त्यांच्याबरोबर दर दोन तासांनी शू लागणारं कुणी नसतं.

सहकारनगर

आमची चूक आधी सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. 'घाटापासून दोन मिनिटं' असं वाचून दशाश्वमेधजवळ राहायची सोय केली होती. दोन मिनिटं खरीच होती, पण ती घाटापासून. गाडीपासून नव्हती. गोदौलिया चौकाच्या अलीकडेच मोटार थांबली, तिथून बॅगा डोक्यावर घेतलेल्या माणसामागे गल्लीतून आमची वरात. समोरून मोटारसायकल, मागून गाय, मध्ये सासूबाई काठी टेकत. त्यात खोली तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी सामान उचललं आणि अस्सीला आलो.

म्हणून राहण्याचं ठरवताना दोनच प्रश्न विचारा: गाडी नक्की कुठपर्यंत येते आणि तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती. उत्तर द्यायला कुरकुर केली तर फोन ठेवून द्या.

अस्सी हा दक्षिणेकडचा घाट. मोकळा आहे, रस्ता बराच जवळ येतो, ई-रिक्षा मिळते. पहाटे तिथे 'सुबह-ए-बनारस' असतं, आरती, गाणं वगैरे. सासूबाई शाल गुंडाळून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि तासभर हलल्या नाहीत. पोरं तेवढ्यात लिंबाचा चहा शोधून आली.

आता नावेबद्दल, कारण गुडघेवाल्यांसाठी काशी म्हणजे नाव. गंगा तिथे उत्तरेकडे वाहते. घाट सगळे पश्चिम काठावर, समोर नुसती वाळू. त्यामुळे सूर्य वाळूतून वर येतो आणि उजेड थेट घाटांवर पडतो, एकेक इमारत उजळत जाते. चौऱ्याऐंशी घाट म्हणतात, आणि एकही पायरी न चढता त्यातले बरेचसे बसल्या जागी दिसतात. भाव ठरवताना अख्ख्या नावेचा की माणशी, आणि परत कुठे सोडणार, हे नाव हलायच्या आधी बोला. आम्ही दुसरं विचारायला विसरलो. नावाड्याने उतरवलं ते भलत्याच घाटावर, आणि त्याच्या पायऱ्या मी अजून स्वप्नात मोजते. पोरांना लाइफ जॅकेट मागा. न मागता मिळत नाही.

सासरे आयुष्यभर इतिहास शिकवत आले, नावेत त्यांचा तास सुरू झाला. हा अहिल्याबाईंचा, हा नागपूरकर भोसल्यांचा, हा शिंद्यांचा. दशाश्वमेध आला तेव्हा म्हणाले, हा नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधला, १७४८ च्या सुमारास. नावाडी म्हणाला, "बाबूजी, आप तो घर आये हैं." शिंदे घाटाजवळ रत्नेश्वराचं देऊळ चांगलंच कललेलं आहे, पाण्यात खचलेलं. मुलगा एकदम ओरडला, "आजोबा, हे पडतंय!" आजोबा म्हणाले, पडायचं असतं तर केव्हाच पडलं असतं.

सासूबाईंनी पुण्याहून तांब्याचा गडू नेला होता. त्यात पाणी भरताना नातीला नाथांची गोष्ट सांगितली. रामेश्वरासाठी नेलेलं कावडीतलं गंगेचं पाणी नाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ती. नातीने विचारलं, "मग देवाला काय नेलं?" त्या वेळी सासूबाई काही बोलल्या नाहीत. गडू मात्र घरी आल्यावर देव्हाऱ्यात गेला आणि निम्मं पाणी तुळशीला.

पेठेतली

विश्वनाथाच्या दर्शनाचं मी लिहिते, तीनदा गेलेय.

पहिलं म्हणजे पंचांग बघा. फेब्रुवारी म्हणताय, तर महाशिवरात्र आगेमागे नाही ना? असेल तर तारखा हलवा, नाहीतर रांगेतच काशी होईल. माघात प्रयागच्या मेळ्याची गर्दीही काशीकडे वळते. सोमवारही टाळा.

मोबाइल, घड्याळ, पेनसुद्धा आत नेता येत नाही. बाहेरचे दुकानदार लॉकर देतात, बदल्यात प्रसादाची टोपली घ्यायला लावतात. सगळं खोलीवरच ठेवून निघावं आणि एकमेकांना चुकलो तर भेटायची जागा आधी ठरवावी. आमचे हे चुकले होते. मोबाइल नाही म्हटल्यावर नवरा कसा शोधायचा असतो तेच मी विसरले होते. शेवटी ते अन्नपूर्णेच्या देवळाशी प्रसाद खात उभे दिसले.

सुगम दर्शनाचं, म्हणजे पैसे भरून लवकर दर्शन घ्यायचं, तिकीट देवस्थानाच्या संकेतस्थळावर मिळतं. वयस्करांसाठी ते काढा, उगाच तत्त्वाला चिकटून बसू नका. मंगला आरती पहाटे तीनला असते, तिला चार वर्षांच्या मुलाला नेऊ नका.

देऊळ म्हणून जे उभं आहे ते अहिल्याबाईंनी बांधून घेतलं, १७८० मध्ये पूर्ण झालं. शिखरावरचं सोनं रणजितसिंहांचं. भोवतालचा मोठा चौक आणि गंगेकडे उघडणारा मार्ग डिसेंबर २०२१ मध्ये खुला झाला. माझी पहिली वारी त्याआधीची. तेव्हाच्या गल्लीतल्या रांगेत एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या ठेवून उभे होतो. आता आईला व्हीलचेअरवरून नेता आलं. जुन्या गल्ल्या गेल्याची हळहळ मलाही आहे, पण आईचा चेहरा पाहिल्यावर त्यावर भांडायची इच्छा राहिली नाही.

औंध

आमचा अनुभव दोन ओळींत: डिसेंबरअखेर गेलो. चार दिवस धुकं. पहाटेच्या नावेतून नावाडी दिसत होता, घाट नाही. परतीचं विमान रद्द. फक्त मलइयो खाल्लं तेवढं पदरात पडलं. दुधाचा फेस, केशर, कुल्हडात. तोंडात ठेवला की गायब. थंडीतच मिळतं, तेही सकाळीच.

कर्वेनगर

सगळे देवळांवर लिहिताहेत, मी भारतमाता मंदिराबद्दल लिहितो. काशी विद्यापीठाच्या आवारात आहे, कँट स्टेशनपासून जवळ. १९३६ मध्ये गांधीजींच्या हस्ते उद्घाटन झालं. आत मूर्ती नाही. जमिनीवर संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे, डोंगर उंच, दऱ्या खोल. मुलीने पालथं पडून आधी सह्याद्री शोधला, मग पुणे. रांग नाही, ढकलाढकली नाही, पंडा नाही. पाऊण तास कसा गेला कळलं नाही.

आणि आम्हा कर्वेनगरवाल्यांची कॉलर ताठ करणारी गोष्ट: हे मंदिर उभारणाऱ्या शिवप्रसाद गुप्तांना ही कल्पना पुण्यात सुचली, कर्व्यांच्या आश्रमात जमिनीवर केलेला मातीचा नकाशा पाहून. ज्या रस्त्याने मी रोज भाजी आणायला जातो तिथली गोष्ट मला बाराशे-चौदाशे किलोमीटरवर जाऊन कळावी!

मुलांसाठी आणखी एक म्हणजे मानमंदिर घाटावरच्या वाड्याची गच्ची. तिथे सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे, जंतरमंतर. जयपूरच्या मानाने चिमुकली, पण सावलीवरून वेळ बघायचा खेळ मुलांना आवडतो. चढ मात्र आहे, आजींना खाली बसवा. आणि अस्सीजवळ भदैनीला राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान. मुलीच्या पुस्तकात 'मनू' होती, तिचं घर इथलं हे तिला खरंच वाटेना.

पाषाणची आई

यावर कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. मणिकर्णिका, काशीचा स्मशानघाट.

आमची नाव तिथून जाणारच होती हे मला माहीत होतं. आधी बोलावं की न बोलावं यावर नवऱ्याशी दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी दोघंही काही बोललो नाही. मुलगा सात वर्षांचा. लांबून त्याला आधी लाकडं दिसली. नावांमधून येतात, काठावर घरांएवढ्या उंच राशी. त्याला वाटलं होळी. मग धूर दिसला, पांढऱ्या-सोनेरी कापडाखालची तिरडी दिसली आणि तो गप्प झाला. पाण्यात हात घालून बसला होता, तो हात त्याने बाहेर काढला.

थोड्या वेळाने म्हणाला, "आई, आजोबांना वैकुंठात नेलं होतं ना, तसंच?" वैकुंठ म्हणजे पुण्यातली स्मशानभूमी. मी हो म्हटलं. "पण वैकुंठात तर गेट होतं. इथे गेट का नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. नावाड्याला मराठी येत नव्हतं, पण मुलाने त्या बाजूला दाखवलेला हात त्याने पाहिला असावा. त्याने वल्ही थांबवली आणि म्हणाला, "यहाँ सब आते हैं, बेटा." मग पुढे नेली नाव. मुलगा घाबरला नाही. रात्री झोपताना एवढंच विचारलं, ती लाकडं रोज एवढी लागतात का.

कुणी घेऊन जावं, कुणी नाही, हे मी सांगणार नाही. नको असेल तर नावाड्याला आधीच 'मणिकर्णिकाच्या अलीकडून वळव' म्हणावं, हरिश्चंद्र घाट, तोही स्मशानघाटच, वाटेत आहे ते लक्षात ठेवावं. आणि फोटो काढू नका. आमच्या शेजारच्या नावेतले एकजण फोन उंच धरून होते, काठावरच्या माणसांचे चेहरे बघवत नव्हते.

चिंचवडचे काका

सारनाथला शुक्रवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं. हे मला शुक्रवारी दारात उभं राहून कळलं. शनिवारी परत गेलो, दहा किलोमीटर तर आहे. वर्थ होतं. अशोकाचा सिंहस्तंभाचा माथा तिथेच आहे. नातवाच्या हातात नाणं दिलं. नाण्यावर तीन सिंह, इथे मागे जाऊन चौथा बघता येतो. तो तीन प्रदक्षिणा घालून आला. धामेक स्तूपाभोवती हिरवळ आहे, पोरं पळू शकतात, ज्येष्ठांना झाडाखाली बसता येतं. गावातल्या गल्ल्यांनंतर ही मोकळीक औषधासारखी. तसंच बनारस हिंदू विद्यापीठाचं आवार: झाडी, रुंद रस्ते आणि आत नवं विश्वनाथ मंदिर, तिथे शांतपणे बसता येतं.

रामनगरचा किल्ला पलीकडच्या काठावर. जुन्या मोटारी, पालख्या, शस्त्रं. मांडणी धुळकट, पण नातवाला मोटारी आवडल्या. तिथली रबडी घातलेली लस्सी एकट्याने संपवायला जाऊ नये.

खाणं: सकाळी कचोरी-भाजी आणि जिलबी. भाजी तिखट, मुलांना नुसती जिलबी द्या. टमाटर चाट जरूर. तिसऱ्या दिवशी सौ.ला वरणभात आठवला, तेव्हा खिचडीवर भागवलं. संकटमोचनला माकडं आहेत, हातात पिशवी दिसली की संपलं.

खेळणी: लाखेच्या रंगांतली लाकडी, आपल्या सावंतवाडीची आठवण होते. साडीबद्दल मी बोलत नाही, ते खातं माझ्याकडे नाही.

धायरीकर

सगळ्यांचे आभार. एक शंका: घाटावर पूजा सांगणाऱ्यांचं काय?

पेठेतली

"फक्त नाव-गोत्र सांगा" म्हणून सुरुवात होते. आम्ही एकदा सांगितलं. संकल्प सुटेपर्यंत आकडा पाच हजारांवर गेला होता आणि सासऱ्यांच्या हातात पाणी असल्यामुळे त्यांना खिशाला हात लावता येत नव्हता. आधी दक्षिणा ठरवा, मग पाणी हातात घ्या. काही जण काशीत आवडती वस्तू सोडायला लावतात. आमच्या चिरंजीवांनी दुधी सोडला. सासूबाई म्हणाल्या, लबाडा, आवडीचं सोडायचं असतं.

धायरीकर

मेमध्ये लिहितोय, उशीर झाला.

अस्सीलाच राहिलो. सकाळी एक, संध्याकाळी एक, दुपारी झोप, हे तंत्र पाळलं आणि भांडणं पुण्यापेक्षा कमी झाली. पहाटेची नाव दोनदा केली. दशाश्वमेधची आरती नावेतून बघितली, पण नावा एकमेकींना खेटून बांधतात आणि मध्येच बाहेर पडता येत नाही. चिरंजीवांना नेमकी तेव्हाच लागली. बाकी कल्पना करा. दुसऱ्या दिवशी अस्सीची छोटी आरती पाहिली, आईला तीच जास्त आवडली.

विश्वनाथासमोर आई रडली. नंतर म्हणाली, धूप डोळ्यात गेला.

बाबांनी शेवटच्या दिवशी, कुणी सांगितलं नसताना, गंगेत उभं राहून हापूस सोडला. फेब्रुवारीत काय, सगळ्यांनी माना डोलावल्या. परवा रत्नागिरीहून पेटी आली. दिवसभर पेटीच्या आसपास घुटमळत होते. संध्याकाळी पिशवी घेऊन मंडईत गेले आणि दोन डझन पायरी घेऊन आले. म्हणाले, पायरी सोडली नव्हती.