ग्रुप: चिंगीचं लग्न, गिफ्ट (चिंगीला अ‍ॅड करू नये)

आत्या: मी आता शेवटचं विचारतेय, चिंगीला काय द्यायचं ते ठरवा कोणीतरी. लग्न तोंडावर आलंय आणि इथे नुसते सुप्रभातचे फोटो पडतायत

नाना: सर्वांनी आपापला आकडा कळवावा. वस्तू नंतर ठरेल.

धाकटे काका: वस्तू ठरल्याशिवाय आकडा काय कळवणार नाना

नाना: सर्वांनी आपापला आकडा कळवावा.

मोठी काकू: काहीतरी मोठं द्या. चारचौघांत दिसलं पाहिजे

वहिनी: काकू मोठं म्हणजे ठेवायला जागा पण लागते ना, ती दोघं भाड्याच्या घरात जाणारेत आणि वर्षभरात दुसरीकडे बदली होऊ शकते असं चिंगीच म्हणत होती. आमच्या लग्नात आलेली घड्याळं अजून माळ्यावर आहेत, घरात खोल्या कमी घड्याळं जास्त

मोठी काकू: आम्ही नव्हतं हो घड्याळ दिलं. आम्ही डिनरसेट दिला होता चांगला

वहिनी: हो काकू, आठवतोय ना. आत आत्यांच्या अक्षरातली चिठ्ठी पण होती

आत्या: कुठली चिठ्ठी??

आत्या: मोठ्या वहिनी, तुम्ही नवीन घर घेतलंत तेव्हा मी दिलेला तो?

मोठी काकू: बॉक्स तो होता. सेट वेगळा होता. घरात बॉक्स पडून होता म्हणून वापरला, त्यात काय एवढं

दादा: सेट नवा, फक्त झाकणाचा टवका जुना 😄

मोठी काकू: तू बोलू नकोस, तुझ्या मुंजीपासूनचा हिशोब आहे माझ्याकडे

छोटू: थांबा थांबा, यावर रिसर्च आहे. १९९३ साली जोएल वाल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने नाताळच्या गिफ्टांवर पेपर लिहिला. कॉलेजच्या पोरांना विचारलं की मिळालेली वस्तू तुमच्या लेखी केवढ्याची, आणि दुकानातली किंमत केवढी. तर दहाव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पैसे हवेत गेले असं निघालं. सगळ्यात जास्त वाया कुणाच्या वस्तू, तर आजी-आजोबा आणि काका-मामा-आत्या-मावशी. मित्रांच्या त्यामानाने बऱ्या निघाल्या

आत्या: म्हणजे आम्ही वाया

धाकटे काका: शास्त्राने सिद्ध झालं, वाईट वाटून घेऊ नकोस

ताई: छोटू अर्धवट सांगू नकोस. त्याने विचारतानाच सांगितलं होतं की त्या वस्तूतली माया बाजूला ठेवून किंमत सांगा. माया वजा केल्यावर आत्याचं गिफ्ट स्वस्तच दिसणार ना. आपल्याला तर तीच मोजायचीय

आत्या: गुणाची आहेस ग. मी चांदीची फ्रेम म्हणत होते, दोघांचा फोटो घालून

दादा: चांदी उघड्यावर ठेवली की हवेतल्या गंधकाने काळी पडते आत्या. दर महिन्याला ती घासणार कोण, चिंगी? जिला आम्ही बाइकची चेन कधी पुसताना पाहिली नाही?

वहिनी: फिरायला जायची तिकिटं द्यायची का? वस्तूच नको

छोटू: त्याच्यावर पण आहे वहिनी, २०१७ चा अभ्यास, चॅन आणि मोगिलनर. अनुभवाचं गिफ्ट दिलं की देणारा आणि घेणारा जास्त जवळ येतात, देणारा सोबत गेला नाही तरी

धाकटे काका: सोबत गेला नाही तरच म्हण

दादा: तारीख ठरवून काढलेली तिकिटं नकोत, दोघांच्या सुट्ट्या जुळायला हव्यात. आणि वॉशिंग मशीन वगैरे देणार असाल तर बिल पण सोबत द्या, पाकिटातल्या पैशासारखं लाजून लपवू नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालू होते, खोका उघडल्यापासून नाही. आमचा मिक्सर उघडेपर्यंत मुदत संपलेली होती

नाना: सर्वांनी आपापला आकडा कळवावा. आतापर्यंत एकाचाही आकडा आलेला नाही.

ताई: मी सरळ चिंगीला विचारते

मोठी काकू: अजिबात नाही. मागून घेतलेलं कसलं गिफ्ट. हे सगळं हल्लीचं फॅड आहे, याद्या बिद्या करायच्या

छोटू: हल्लीचं? शिकागोच्या मार्शल फील्ड्स दुकानात १९२४ पासून नवरीची यादी ठेवायचे

मोठी काकू: शिकागोला ठेवत असतील

नाना: काकूंचं बरोबर आहे. आकडा कळवावा.

ताई: विचारलं

आत्या: अग बाई! मग सरप्राइज काय राहिलं

ताई: तिने पाच मिनिटांत उत्तर दिलं, म्हणजे बिचारी वाटच बघत होती. दोन गोष्टी म्हणाली. एक, चांगली गादी. पलंग घरमालकाचा आहे पण गादी पार बसलीय

मोठी काकू: गादी?? लग्नात गादी कोण देतं

वहिनी: काकू रोज रात्री वापरणार, डिनरसेटसारखं नाही

दादा: पलंगाचं माप आतून घ्यायला सांगा. लांबी ७२, ७५ आणि ७८ इंच अशी तीन येते, तीन इंचाने चुकलं तर गादी कमान करून बसते

धाकटे काका: दुसरं काय?

ताई: दुसरं म्हणजे… आप्पांचं लिहायचं टेबल. ती म्हणाली विकत काही नको, ते मिळालं तर बरं. त्याच टेबलावर आप्पांनी तिच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती, खणात अजून तिची पेन्सिल असेल म्हणतेय

आत्या: 🥹

धाकटे काका: ते टेबल मोठ्यांकडे आहे ना. वाटणीच्या वेळी कुणाचंच नाही ठरलं होतं, मग थेट नानांच्या हॉलमध्ये दिसलं. मी तेव्हा काही बोललो नाही

नाना: तू तेव्हा बोलला होतास. खूप बोलला होतास.

आत्या: आता इथे नको बाबांनो

नाना: त्यावर आमचा टीव्ही आहे.

धाकटे काका: सागवानी टेबलावर टीव्ही. आप्पांनी बघितलं असतं तर…

मोठी काकू: टेबल आम्ही पुसतो, जपतो, पाय हलतो म्हणून खाली पुठ्ठा लावलाय. कुणी विचारलं का इतक्या वर्षांत, की आता एकदम सगळ्यांना आप्पा आठवले

ताई: काकू कुणी तसं म्हटलं नाही. चिंगीने पण घाबरतच सांगितलं, नाना नाही म्हणाले तर विषय परत काढू नका म्हणाली

दादा: द्यायचं ठरलं तर पाय हलतोय त्याला खिळा ठोकू नका. सांधा उघडून, जुना सरस खरवडून परत बसवायला लागेल. आणि पॉलिशच्या आधी कीड लागलीय का बघून घ्या, मागच्या बाजूला बारीक भुगा पडतोय का ते

(नाना टाइप करत आहेत)

आत्या: किती वेळ टाइप करतायत

छोटू: आकडा असेल

नाना: मधल्या खणाची किल्ली आप्पा गेल्यापासून माझ्या पाकिटात आहे. ती चिंगीला मी स्वतः देईन, तुम्ही कुणी परस्पर देऊ नये. गादीचे पैसे बाकीच्यांनी वाटून घ्यावे.

वहिनी: नाना ❤️

मोठी काकू: आणि टीव्ही काय मी मांडीवर घेऊन बघू?

नाना: टीव्ही भिंतीला लावायला माणूस कोण पाठवतंय ते आजच सांगा. रविवारी मॅच आहे.