चित्रकार एकच, तरी दोन अंकांतला कोनन इतका वेगळा कसा?

दारव्ह्याचा वाचक
नमस्कार मंडळी. मामांचा 'सॅव्हेज स्वोर्ड ऑफ कोनन'चा, म्हणजे तलवारबाज योद्धा कोननच्या इंग्रजी कॉमिक मासिकाचा, गठ्ठा आता माझ्याकडे आलाय. दोन अंक शेजारी उघडून बसलो. दोन्हींत चित्रकार जॉन बुसेमाच. पण एकात कोननच्या दंडावर, मागच्या दगडी भिंतीवर, ढगांत, सगळीकडे केसासारख्या बारीक रेघा. दुसऱ्यात ब्रशचे जाड फटकारे आणि मोकळी पांढरी जागा. असं कसं? मला बारीक रेघांचे अंक फार आवडतात, ते ओळखायचे कसे?

ड्रॉइंग मास्तर, आर्वी
दादा, कथेच्या सुरुवातीला दिलेली सगळी नावं वाचा. बुसेमा पेन्सिलीनं काढायचा, शाई बहुतेक वेळा दुसऱ्याची असायची. तुमच्या बारीक रेघा बहुधा फिलिपिन्सच्या आल्फ्रेडो अल्कालाच्या. अंक 2 मधली 'ब्लॅक कोलोसस' आणि अंक 4 मधली 'आयर्न शॅडोज इन द मून' गठ्ठ्यात आहेत का बघा. अल्कालानं 1963 मध्येच मायदेशी 'व्होल्टार' हा स्वतःचा योद्धा उभा केला होता, त्यामुळे तलवारी, चिलखतं, पडके किल्ले त्याच्या हातात बसलेले होते. जाड ब्रश असेल तर एर्नी चानचं नाव शोधा.

आपली पेन्सिल अल्कालाच्या शाईखाली दबते, अशी बुसेमाची तक्रार असे. मला ती पटत नाही. मी टाकानं अल्कालाची एक चौकट उतरवून पाहिली. सावली गडद करायला तो काळं फासत नाही, रेघेवर तिरपी रेघ चढवत जातो. दंडावर रेघ स्नायूच्या गोलाईनं वळते, दगडावर तुटक होते. पण खांद्याचा बाक, पायांवरचा तोल सगळा बुसेमाचाच राहतो. दोघांचं भांडण पानावर दिसत नाही, जोर दिसतो.

आणि हे रंगीत अंकात जमलं नसतं. 1974 साली हे मासिक निघालं ते मोठ्या आकारात, बिनरंगाचं, म्हणून रेघेला जागा मिळाली. बॅरी स्मिथनं काढलेली कोननचीच 'रेड नेल्स' ही कथाही मिळवून बघा, त्यातले दागिने आणि नक्षी नुसती पाहत बसावी.

बडनेरा पॅसेंजर
आमच्याकडे कोनन कुठून येणार होता, सर! मी तं एसटी स्टँडावर भाड्यानं हिंदी 'भोकाल' कॉमिक वाचला. तलवार, ढाल, राक्षस, जादू, सगळं त्यात. चित्रं कदम स्टुडिओची, म्हणजे अमर चित्रकथावाले दिलीप कदम. आपल्या मराठी माणसाची रेघ हाय ते, तिचंही नाव घ्या.

ड्रॉइंग मास्तर, आर्वी
घेतलंच पाहिजे, भाऊ. तुमच्याकडे जुने 'भोकाल' असतील तर कळवा, मी अमरावतीला येऊन बघून जाईन.

दारव्ह्याचा वाचक
सर, अंक 4 सापडला! अल्कालाच आहे. दुसरा चानचा निघाला.