प्राथमिकच्या मुलांना इतिहास शिकवताना : तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची
काल नाशिकच्या पांडवलेण्यांवर गेले होते. वर एका शाळेची सहल आलेली, चौथीची पोरं असावीत. कुणीतरी त्यांना सांगत होतं की वनवासात पांडव इथे राहिले. त्यावर एक पोरगं खोलीत डोकावून म्हणतं, "मग भीम कुठे झोपायचा? ओटा तर बारकाय." माझे जुने वर्गच आठवले.

मी तिसरी-चौथीला शिकवायचे. ही लेणी खरं तर पांडवांची नाहीत, बौद्ध भिक्खूंची. 3 क्रमांकाच्या लेण्यात मुलांना भिक्खूंच्या खोल्या दाखवायच्या, मग व्हरांड्यातला ब्राह्मी लेख. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने त्यात आपल्या मुलाचा पराक्रम सांगितलाय आणि लेणं भिक्खूंना दान दिलंय. राजाच्या नावात आईचं नाव, गौतमीपुत्र सातकर्णी! हे कळल्यावर पोरं उसळली. सुनीतापुत्र, मंगलपुत्र, शबानापुत्र... एक मुलगी गप्प. "बाई, मी काय लावू?" मग वर्गाने बसून "कन्या" ठरवलं, आणि पुढे कितीतरी दिवस वह्यांवर तीच नावं.

या वयात सनावळ्या घोकून घेऊ नयेत, जागेवर न्यावं आणि प्रश्न विचारू द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही काय केलंत ते लिहा. शिक्षक, आईबाप, आजीआजोबा, सगळ्यांनीच.

पेठचा मास्तर
दोरी आणा. एवढंच सांगेन.

बरं, सविस्तर. माझी शाळा पाड्यावरची. 1630 म्हटलं की पोरांच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. म्हणून एक हात दोरी म्हणजे 100 वर्षं. पहिल्या वितीतच आजी संपते. शिवाजी महाराजांचा जन्म जेमतेम चार हातांवर. सातकर्णी एकोणीस हातांच्या आसपास, म्हणजे दोरी वर्गाबाहेर, व्हरांडा ओलांडून थेट हापशापाशी. तिथे उभा राहिलेला पोरगा ओरडला, "गुरुजी, मला महाराज दिसतच नाहीत इथून!" त्या दिवशी काळ म्हणजे काय ते त्यांना कळलं. मलाही नव्याने कळलं म्हणा.

आर्याची आई
आमची उद्या चाचणी आहे, परिसर अभ्यास भाग 2. तोरणा, रायगड, पन्हाळा, सगळं पाठ. पण साल्हेर आपल्याच जिल्ह्यात, बागलाणात, हे माहीतच नाही तिला. 1672 ची लढाई आणि आता जागतिक वारशाच्या यादीतला किल्ला! दोरी आत्ताच घेते, वाळत घालायची आहे ती चालेल ना?

पेठचा मास्तर
@आर्याची आई पळेल. कपडे काढून घ्या आधी 😄

सिडकोवाला
दरवर्षी दिवाळीला पोरं खाली रामशेज करतात. माती आमच्याच गाडीतून येते. संभाजी महाराजांच्या काळात मुघलांच्या फौजेसमोर हा किल्ला वर्षानुवर्षं लढला, हे मी सांगतो. लाकडी तोफांची गोष्ट तर सगळ्यांची आवडती. धाकटा म्हणाला, "लाकूड जळत नाही का?" म्हटलं, वरून कातडं गुंडाळायचे असं सांगतात. तर पठ्ठ्याने पाइपच्या तुकड्याला माझा जुना पट्टा गुंडाळला. गडावर मात्र पावसाळा संपल्यावर न्या, पायऱ्या निसरड्या असतात. आणि पाणी सोबत.

पंचवटीकर
काळाराम मंदिराचं कुणीच लिहिलं नाही अजून. आमच्या शाळेतली निम्मी मुलं रोज त्या दारावरून जातात. 2 मार्च 1930 ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड. नऊ वर्षांच्या मुलांना कसं सांगायचं, हा मोठा प्रश्न. बरेच जण दोन ओळींत उरकतात.

मी त्यांना नुसतं विचारलं, "देवळात कोण जातं?" सगळे म्हणाले, कुणीही. मग सांगितलं की तेव्हा काही माणसांना जाऊ देत नव्हते, ती दाराशी बसून राहिली, मारही खाल्ला. वर्ग एकदम शांत. मग एकाने विचारलं, "दार लावलं कुणी होतं?"

गोल गोल बोलायचं नाही, एवढं मी आधीपासून ठरवलेलं. सांगितलं, आपल्याच गावातल्या माणसांनी. जात मानणाऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आजीला घेऊन आली. आजींचे वडील सत्याग्रहात होते. त्या बोलल्या थोडंच, पण पोरांनी त्यांना खुर्ची, पाणी, आपले डबेसुद्धा पुढे केले. पाठ्यपुस्तकाने हे होणार नव्हतं.

गोदाकाठची
@पंचवटीकर वाचताना डोळे भरून आले. अशा आज्या आहेत तोवर त्यांचं बोलणं जपून ठेवा हो, रेकॉर्ड करा.

तिवंध्याची लेक
पंचवटीकर, तुम्ही मुलांना रहाडी, म्हणजे रंगाचे ते जमिनीतले हौद, दाखवता का? रंगपंचमीला आमच्याकडची उघडते तेव्हा लांबून लोक येतात. पेशवाईपासूनच्या म्हणतात. माझा मामा पहिली उडी मारायला धडपडायचा, आजी ओरडायची.

पंचवटीकर
@तिवंध्याची लेक लहानपणी काठावरून रंग उडवून घ्यायचो! तो पिवळा रंग कपड्यांवरून जायचाच नाही.

तिवंध्याची लेक
आमच्याकडे अजून एक सदरा आहे तसा 😀

निवृत्त, नाशिकरोड
नातवासाठी केलेला उद्योग सांगतो. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, छाप उमटतो. मग आपल्याच जिल्ह्यातल्या जोगळटेंभीची गोष्ट. 1906 मध्ये तिथे नहपानाची, म्हणजे गौतमीपुत्राने हरवलेल्या राजाची, तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारलेला, आणि खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतोच. नातवाने लगेच एका छापावर दुसरा छाप घासला आणि विचारलं, "जिंकल्यावर वितळवली का नाहीत?" चांगलं अर्धा तास बोललो त्यावर. शिक्का मारला की काम भागतं, आणि कोण जिंकलं ते बाजारात प्रत्येकाच्या हातात पोचतं. अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, मुलांना जरूर न्या. आधी फोन करून वेळ विचारा.

आर्याची आई
दोरी झाली. सातकर्णी शेजारच्यांच्या दारात गेला, काकूंनी विचारलं काय चाललंय, आता त्यांचा नातूही आत येऊन बसलाय. @निवृत्त अंजनेरी रविवारी उघडं असतं का? कुकर झाला, नंतर वाचते.