अर्धवट सोडलेले गेम मित्रांबरोबर मिळून संपवायचेत, कसं जमवता तुम्ही लोक?

नाशिकचा_निशाचर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतोच आता. आम्ही चौघं कॉलेजच्या हॉस्टेलपासूनचे मित्र, आता एक बेंगळुरूला, एक पुण्यात, एक सोलापुरात आणि मी इथे नाशिकला. चौघांच्या स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) लायब्ररी गच्च भरल्यात. समर सेल आला की घेतले, दिवाळीचा बोनस आला की घेतले, एपिक या दुसऱ्या दुकानात दर गुरुवारी फुकट मिळतात ते क्लेम करून ठेवले, आणि रात्री जेवणं उरकून पीसी लावला की पुन्हा तेच ऑनलाइन गोळीबाराचं व्हॅलोरंट. विचर ३ हा कथेचा मोठा गेम चौघांकडे आहे आणि चौघांचाही वेगवेगळ्या ठिकाणी थांबलाय, कोण व्हेलेनमध्ये, कोण नोव्हिग्राडमध्ये, एकाने तर सुरुवातीच्याच व्हाइट ऑर्चर्डमधला ग्रिफिन राक्षस मारला आणि तिथेच ठेवला. होलो नाइट, रेड डेड २, आउटर वाइल्ड्स हे पण तसेच पडून.

तर ठरवलंय की एकेक गेम चौघांनी मिळून हातात घ्यायचा. को-ऑप, म्हणजे एकाच गेममध्ये एकत्र खेळणं, नाही म्हणत मी, प्रत्येकाने आपापला खेळायचा पण साधारण एकाच काळात, आणि त्यावर बोलायचं. माझी मनापासून इच्छा आहे ही, कारण कोणीतरी वर्षानुवर्षं खपून एखाद्या गोष्टीचा शेवट लिहितं आणि तो आपल्याकडे विकत घेतलेला असून बघायचा राहून जातो, याचं खरंच वाईट वाटतं.

पण गेम निवडायचा कसा? एकाला रोज दोन तास मिळतात आणि एकाच्या घरी लहान बाळ आहे त्याला आठवड्यातून एखादी रात्र मिळते, मग पुढे गेलेल्याने थांबून राहायचं का? जुना सेव्ह (जिथे थांबलो तिथली साठवलेली नोंद) पुढे न्यायचा की पहिल्यापासून सुरू करायचा? असं कोणी सलग चालवलं असेल तर सांगा प्लीज.

मुठेकाठी

आमचा ग्रुप चालू आहे असा, आणि मस्त चालू आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

निवड आम्ही भिशीसारखी करतो. प्रत्येकजण आपला एक अर्धवट गेम चिठ्ठीवर लिहितो, महिन्याच्या सुरुवातीला चिठ्ठी काढायची, ज्याचा गेम निघेल तो सगळ्यांनी खेळायचा आणि सगळ्यांची पाळी होईपर्यंत त्याची चिठ्ठी परत आत जात नाही. याचा फायदा असा की ज्याचा गेम निघतो त्याला तो संपवावाच वाटतो, कारण बाकीचे त्याच्यासाठी खेळत असतात. फक्त चिठ्ठीत टाकण्याआधी बघून घ्या की गेम सगळ्यांकडे आहे की नाही. स्टीम फॅमिलीजवर, म्हणजे गेम वाटून घ्यायच्या सोयीवर, भागेल असं धरून चालू नका, ते एका घरातल्या लोकांसाठी आहे आणि एका कॉपीवर एका वेळी एकालाच खेळता येतं.

दुसरं, सुरुवात विचरने अजिबात करू नका. गेमला किती तास लागतात ते सांगणाऱ्या हाऊ लाँग टू बीट साइटवर बघा, विचर ३ ची नुसती मुख्य कथा पन्नास तासांच्या आसपास आहे आणि बाजूची कामं करत गेलात तर शंभराच्या घरात जाते, वर दोन एक्सपान्शन, म्हणजे जोडकथा, वेगळ्या. ज्याला आठवड्यातून एक रात्र मिळते तो पहिल्याच महिन्यात बाहेर पडेल आणि मग ग्रुप मोडतो. पहिले दोन-तीन गेम छोटे घ्या. फायरवॉच चार तासांचा आहे. सेलेस्ट आठेक तासांचा, अवघड आहे पण त्यात असिस्ट मोड आहे, वेग कमी करता येतो, त्यामुळे ज्याचा हात बसलेला नाही त्यालाही शेवट गाठता येतो. आणि आपला राजी, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० ला आलेला, एका वीकेंडला संपतो. राजी तिच्या भावाला, गोलूला शोधत निघते आणि दुर्गा आणि विष्णू वरून बघत एकमेकांशी बोलत असतात, मधले सीन सावल्यांच्या बाहुल्यांमधून दाखवलेत ते तर बघाच. लढाई मध्ये मध्ये अडखळते आणि शेवट एकदम तुटल्यासारखा वाटतो, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त वादावादी ह्याच गेमवर झाली.

आता वेगाचा प्रश्न. थांबून राहायचं नाही, बोलायचं थांबायचं. म्हणजे आठवड्याचा टप्पा ठरवा, तारखेचा नाही तर गेममधल्या जागेचा. विचर घेतलात तर पहिला टप्पा ग्रिफिन, दुसरा व्हेलेनमधल्या बॅरन नावाच्या सरदाराची सगळी भानगड मिटेपर्यंत, मग नोव्हिग्राड दोन तुकड्यांत, मग स्केलिगे. ज्याला पुढे जायचंय त्याने खुशाल जावं, पण ग्रुपवर त्या टप्प्यापलीकडचं अक्षर काढायचं नाही. आणि सगळ्यात मागे असलेला टप्प्यावर पोचला की मगच कॉल लावायचा.

बॅरनच्या टप्प्यावर चौघांना बोलायला लावा म्हणून मुद्दाम सांगतो. तिथे टेकडीवरच्या झाडाखाली एक आत्मा कोंडलेला आहे, त्याला सोडायचं की संपवायचं हे तुम्ही ठरवता, आणि त्यावर दलदलीतल्या पोरांचं, बॅरनच्या बायकोचं आणि स्वतः बॅरनचं काय होतं ते बदलतं. आमच्यात निम्म्यांनी एक केलं, निम्म्यांनी दुसरं, आणि कॉलवर एकजण म्हणाला, ‘अरे पण माझ्याकडे तर पोरं वाचली!’ मग दुसऱ्याने त्याच्याकडे काय झालं ते सांगितलं आणि दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. मी हा भाग आधी एकट्याने खेळलो होतो, तेव्हा मला माहीतच नव्हतं की दुसऱ्या बाजूलाही तेवढंच जड ओझं ठेवलेलं आहे. हे एकट्याने खेळून मिळत नाही, विकी वाचूनही मिळत नाही.

कॉर्निफरचा_नकाशा

वरच्या दादांशी सहमत. मी फक्त होलो नाइटबद्दल सांगते, कारण २०२५ च्या सप्टेंबरला त्याचा पुढचा भाग सिल्कसाँग आला आणि आमच्या ग्रुपमधल्या तिघींनी ठरवलं की आधी पहिला पूर्ण करायचा मगच तो घ्यायचा.

जुना सेव्ह की नवा, याचं माझं उत्तर गेमवर अवलंबून आहे. गोष्टीवर चालणारे गेम असतील तर जुना सेव्ह चालवा, विचरमध्ये लोडिंगच्या वेळी डँडेलियन आत्तापर्यंतची कथा सांगतो, आउटर वाइल्ड्समध्ये यानातल्या लॉगमध्ये तुम्हाला सापडलेली प्रत्येक गोष्ट जोडून ठेवलेली असते, त्यामुळे वर्षभराने आलात तरी दहा मिनिटांत धागा सापडतो. पण होलो नाइट हातावर चालतो. तुम्ही सिटी ऑफ टिअर्समध्ये सोल मास्टर या बॉससमोर (मोठ्या शत्रूसमोर) सोडला असेल आणि दोन वर्षांनी थेट त्याच्याच समोर उभे राहिलात, तर डोक्याला आठवतं की तो एकदा मेल्याचं नाटक करून परत येतो, पण बोटांना काहीच आठवत नाही, आणि मेलात की सगळा जिओ (गेममधले पैसे) तुमच्या सावलीपाशी राहतो, तो आणायला परत तिथेच जावं लागतं. याच चक्रात लोक दुसऱ्यांदा सोडतात.

म्हणून आम्ही काय केलं, पहिली संध्याकाळ बॉसकडे जायचंच नाही असं ठरवलं. डर्टमाउथ या सुरुवातीच्या गावाला परत जायचं, इसेल्डाच्या दुकानातून राहिलेल्या नकाशाच्या पिना घ्यायच्या, मग ग्रीनपाथमध्ये नुसतं हिंडायचं, डॅश आणि भिंतीवरची उडी हातात बसेपर्यंत साधे किडे मारायचे. बेंचवर बसून चार्म (अंगी वेगळी ताकद देणारे ताईत) बदलून बघायचे. तेवढ्याने हात परत येतो, अगदी खरं सांगते.

आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर स्क्रीन शेअर करा. खेळणारी एक, बघणाऱ्या दोन. मँटिस लॉर्ड्स या बॉसना एक मैत्रीण सारखी हरत होती, आम्ही बघत होतो तेव्हा दिसलं की ती प्रत्येक हल्ल्यानंतर घाबरून भिंतीला चिकटतेय, आणि भिंतीला चिकटलं की वरून येणारीला जागाच सुटत नाही. ‘मध्ये राहा, मध्ये राहा’ एवढंच ओरडत होतो आम्ही, आणि ती जिंकली तेव्हा शेजारच्या खोलीतून तिची आई बघायला आली काय झालं म्हणून. फक्त एक पथ्य पाळा, विचारल्याशिवाय उत्तर सांगायचं नाही. होलो नाइटमध्ये वाट स्वतः सापडणं हाच अर्धा गेम आहे, आणि आउटर वाइल्ड्समध्ये तर तोच पूर्ण गेम आहे, तिथे एक वाक्य जास्त बोललात तरी समोरच्याचं कायमचं गेलं.

घाटमाथा

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. सगळे गेम संपवलेच पाहिजेत असं काही नाही हो. माझ्याकडे पर्सोना ५ रॉयल आहे, शंभर तासांच्या आसपास जातो तो, मी पहिले दोन पॅलेस (त्यातले मोठे टप्पे) खेळलो, आवडला पण, आणि तेवढाच मला हवा होता. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेतलेल्या प्रत्येक गेमचं आपण देणं लागतो, असं धरून बसलं की खेळायला बसायचाच कंटाळा येतो. ऑफिसमधून येऊन परत यादीच समोर घेऊन बसायचं का?

माझं म्हणणं एवढंच की ग्रुपमध्ये सोडण्याची पण पद्धत ठेवा. कोणीही मध्येच सांगावं की मला हा नाही झेपत, का ते दोन वाक्यांत सांगावं, आणि बाकीच्यांनी त्याला आग्रह करू नये. स्टीमवर ‘सोडलेले’ नावाचं कलेक्शन करून त्यात टाकायचं, म्हणजे रोज डोळ्यासमोर येत नाही. लपवायची पण सोय आहे. माझ्या लायब्ररीत आता समोर दिसतात ते फक्त मला खरोखर खेळायचे आहेत तेच, आणि त्यामुळे मी जास्त खेळतो.

मुठेकाठी

@घाटमाथा अगदी पटलं. आमच्याकडे ‘का सोडला’ यावरच्या गप्पा कधी कधी संपवलेल्या गेमपेक्षा चांगल्या होतात. फक्त एक घालतो त्यात: ठरलेल्या पहिल्या टप्प्यापर्यंत तरी यावं. रेड डेड २ च बघा, सुरुवातीचा बर्फातला भाग संथ आहे, घोडा हळू, बंदूक हळू, आणि किती तरी लोक तिथूनच परत फिरतात. खाली हॉर्सशू ओव्हरलूकला कॅम्प पडतो, गवत दिसतं, तंबूंमधून लोक हाका मारतात, आर्थर वहीत चित्रं काढायला लागतो, तिथे खरा गेम उघडतो. तिथे येऊन नाही आवडला तर खुशाल सोडा.

सांगलीची_सून

मला बोलायचंय कारण आमच्याकडे ‘इतरांबरोबर’ म्हणजे फक्त नवरा आहे, आणि तो आधी काहीच खेळायचा नाही. माझा इट टेक्स टू पडून होता कारण तो एकट्याने खेळताच येत नाही, दोन माणसं लागतातच. शेवटी अहोंना बसवलं शेजारी. पहिले दोन दिवस त्यांना एकाच वेळी कॅमेरा फिरवणं आणि चालणं जमत नव्हतं, मी नुसती वाट बघत उभी राहायचे उडीच्या पलीकडे. पण तो गेम दर थोड्या वेळाने नवीन काहीतरी हातात देतो, एकाला हातोडी, दुसऱ्याला खिळे, त्यामुळे जाणकार आणि नवखा असं फार वेळ राहतच नाही. हत्तीच्या सीनला आम्ही दोघांनी खरोखर गेम थांबवला आणि चहा करून प्यायलो, पुढे जावंसंच वाटेना. ज्यांनी खेळलाय त्यांना कळेल.

तुमच्या चौघांसाठी उपयोगाचं म्हणजे यात फ्रेंड्स पास आहे, एकाने घेतला तरी दुसरा ऑनलाइन फुकट जोडला जातो. पोर्टल २ ची को-ऑप मोहीम पण वेगळी आहे, एकट्याने पोर्टल २ संपवलेल्यांनी तिकडे बघितलेलंच नसतं. जे गेम एकाच स्क्रीनवर दोघांनी खेळायचे आहेत त्यांच्यासाठी स्टीमचं रिमोट प्ले टुगेदर आहे, त्यात गेम एकाकडेच असला तरी चालतो, फक्त यजमानाचं नेट चांगलं पाहिजे. बाळवाल्या मित्राला हे बरं पडेल, काही डाउनलोड करत बसायला नको.

न्यूजर्सीकर_मी

आमचे निम्मे लोक भारतात, निम्मे इकडे. एकत्र कॉल महिन्यातून एकदाच जमतो, इकडची शनिवार सकाळ आणि तिकडची संध्याकाळ. बाकी सगळं लिहून चालतं. डिस्कॉर्डवर प्रत्येक टप्प्याचा वेगळा थ्रेड उघडा आणि नावातच टप्पा लिहा, म्हणजे जो तिथे पोचला तोच उघडेल. तरी सवय म्हणून मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा टाका, झाकला जातो, वाचायचा असेल त्याने टॅप करायचं. एक जास्तीचं सांगतो, नोटिफिकेशनमधून पहिली ओळ फुटू शकते, म्हणून पहिल्या ओळीत कधीच महत्त्वाचं लिहू नका. आमच्याकडे लोक ‘पोचलो रे’ असं लिहून मग खाली सुरू करतात.

रात्री कधीतरी उठून बघावं तर तिकडे कोणीतरी सकाळी सकाळी पानभर लिहून ठेवलेलं असतं, एका लढाईबद्दल, एका वाक्याबद्दल. मी त्यासाठीच खेळतो आता.

नाशिकचा_निशाचर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ग्रुपवर हा धागा टाकला, तिघांनी वाचला. ठरलं असं: पहिला राजी, मग सेलेस्ट किंवा फायरवॉच चिठ्ठीने, मग विचर, टप्पे मुठेकाठी यांनी दिलेत तेच. सोडायची मुभा आहे पण ग्रिफिननंतर. बाळवाला मित्र सगळ्यात खूश आहे कारण कॉल त्याच्या रात्रीवर ठरतोय.

एकच शंका राहिली. सोलापूरच्या मित्राकडे जुना लॅपटॉप आहे, १६५० ग्राफिक्स कार्डवाला, आणि विचरला ते मोठं अपडेट आल्यापासून त्याच्याकडे अडकत चालतो म्हणतोय. त्याचा नोव्हिग्राडचा सेव्ह पण आहे त्यात. काही उपाय?

मुठेकाठी

हो आहे. ते डिसेंबर २०२२ चं नेक्स्ट-जेन अपडेट, त्यानंतर गेम डायरेक्टएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्सची नवी पद्धत) वर चालू शकतो आणि जुन्या कार्डांना तो जड जातो. गेम सुरू करताना डायरेक्टएक्स ११ चा पर्याय येतो, तो निवडायला सांगा, आणि आत जाऊन रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारा पर्याय) बंद आहे ना ते बघा, केस म्हणजे हेअरवर्क्स पण बंद करा, तिथे बरंच ओझं असतं. जुना सेव्ह चालतो नव्या व्हर्जनवर, काळजी नको. तरी काही बदलायच्या आधी डॉक्युमेंट्समधल्या विचर ३ च्या फोल्डरमधलं गेमसेव्ह्ज उचलून पेनड्राइव्हवर टाकून ठेवा.